शेतघर बांधण्याआधी एक पावसाळा थांबा

गडहिंग्लजहून चंदगडच्या रस्त्याला लागलं की वाटेत नेसरी येते. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आपल्या सहा साथींसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथेच. बाहेरच्या माणसाला गावाची ओळख बहुतेक तेवढीच असते. इथल्या शेतकऱ्याला मात्र नेसरी कळते ती पावसावरून. पश्चिमेला आजरा आणि त्यापलीकडे आंबोली. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेला संकेश्वरकडे उतरत गेलं की तो झपाट्याने कमी होतो आणि मिरचीचं रान सुरू होतं. आम्ही या दोहोंच्या मध्ये. जांभ्याची तांबडी माती आणि काळी माती, दोन्ही एकाच शिवारात सापडतात, कधी एकाच वावरात.

अशाच एका वावरात, वडिलांच्या वाट्याला आलेल्या दीड एकरात, २०१९ च्या मार्चमध्ये मी आणि थोरल्या दादाने छोटं घर बांधायला घेतलं. सोळा बाय दहाची एक खोली, कोपऱ्यात चूल, वर माळा आणि पुढे पडवी. जून अखेरीस सामान आत लावलं. ऑगस्टमध्ये, आश्लेषा नक्षत्रात, कोल्हापूर जिल्ह्याने महापूर पाहिला आणि आम्ही आमच्या घराच्या सगळ्या चुका एका आठवड्यात पाहिल्या. त्यानंतरच्या वर्षांत काही दुरुस्त केल्या, काही आता होणार नाहीत. शेतात असंच काही बांधायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

जागा: उन्हाळ्यात सगळी जमीन सारखीच दिसते

आम्ही जागा ठरवली ती आंब्याच्या सावलीवरून. वावराचा खालचा कोपरा, बांधाला लागून, पाणंदीपासून जवळ. मार्चच्या उन्हात तिथे उभं राहिलं की दुसरीकडे जावंसं वाटत नाही. जुलैत कळलं की वरच्या तीन वावरांचं पाणी बांध फोडून नेमकं त्याच आंब्याखालून ओढ्याकडे जातं. पहिल्या तरण्या पावसात जोत्याच्या तीन बाजूंनी घोट्याएवढं पाणी वाहत होतं.

पाण्याची वाट उन्हाळ्यातही थोडी ओळखता येते, पण ती नजर असावी लागते. जिथे लव्हाळा दाट आहे, जिथे जमिनीला बारीक भेगांची जाळी आहे, जिथे बांधाचे दगड एका बाजूला कललेले आहेत, तिथे पावसात पाणी असतं. आमच्या कोपऱ्यात या तिन्ही खुणा होत्या. शेजारच्या वावरातल्या आजी खणायच्या दिवशी म्हणाल्याही होत्या, "बाबा, एक पावसाळा बघून मग ठरवा की जागा." आम्हाला घाई होती. त्या वर्षी घर व्हायलाच हवं असं काही नव्हतं, तरी घाई होती.

थांबण्याचा अर्थ नुसतं वर्ष घालवणं असा नाही. मृगापासून आश्लेषापर्यंत चार-पाच वेळा, भर पावसात, वावराची चक्कर मारायची. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, पाऊस उघडल्यावर कोणता भाग आधी वाळतो, ट्रॅक्टर पाणंदीत कुठे रुततो, हे वहीत लिहून ठेवायचं. घर बसवायचं ते जो भाग आधी वाळतो तिथे. तिथे झाड नसेल तर लावता येतं.

पाया आणि काळी माती

पाया दोन फूट खणला आणि थांबलो, कारण तळ टणक लागला. मार्चमध्ये काळी माती टणकच असते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वर कितीही चांगलं बांधा, खालची जमीनच वर्षातून एकदा श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. आमच्या घराचा एक कोपरा तांबड्या मुरमावर आहे आणि उरलेले तीन काळ्या मातीवर. मुरमावरचा कोपरा जागचा हलत नाही, बाकीचे हलतात.

पहिली भेग २०२० च्या एप्रिलमध्ये दिसली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी, जोत्याकडे जाणारी. रुपयाचं नाणं उभं सरकेल एवढी रुंद. आम्ही ती सिमेंटने भरली. जुलैत ती आपोआप मिटली आणि भरलेलं सिमेंट पापुद्र्यासारखं बाहेर ढकललं गेलं, पुढच्या एप्रिलमध्ये भेग पुन्हा हजर. तेव्हा समजलं की भेग हे दुखणं नाही. जमिनीचं ओलं-कोरडं होणं हे दुखणं आहे.

मग आम्ही घराभोवती अडीच फूट रुंदीची दगडी फरसबंदी केली, तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि वरच्या बाजूने येणारं पाणी वळवायला कमरेएवढा चर काढला. पायाजवळच्या मातीतला ओलावा आता एवढा चढ-उतार करत नाही. भेग अजून आहे, पण वाढत नाही. हे काम बांधतानाच केलं असतं तर निम्म्या मजुरीत झालं असतं. आणि मुळात चार कोपऱ्यांवर चार खड्डे घेऊन मुरूम लागेपर्यंत खाली गेलो असतो, तर कदाचित करावंही लागलं नसतं. जिथे मुरूम फार खोल आहे तिथे पायाखाली मुरमाचा किंवा वाळूचा जाड थर आणि जोत्याला सलग लोखंडी सळ्यांची तुळई, एवढं तरी करावंच.

एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी हट्टाने करून घेतली. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा. एवढ्याशा घराला कशाला, असं आम्हाला वाटलं होतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी आपल्या घरात अनुभवला आहे ती पिढी अजून गावात आहे. पट्टा असला की हादऱ्यात चारही भिंती एकमेकींना धरून राहतात, सुट्या होऊन बाहेर कलंडत नाहीत. आमची तिरकी भेग पट्ट्याच्या वर गेली नाही, तीही त्याच्यामुळेच.

तोंड कुठे करायचं

सर्वांत मोठी चूक इथे झाली आणि ती आम्ही हौसेने केली.

वावरातून पश्चिमेला डोंगरांची रांग दिसते. संध्याकाळी सूर्य तिच्यामागे जातो. दादाचं आणि माझं एकमत होतं की दार, पडवी आणि मोठी खिडकी तिकडेच हवी. मिस्त्रींनी हातातली थापी खाली ठेवून पश्चिमेकडे बोट दाखवलं. "झड हिकडनंच येतीया. तोंड तिकडं करूया की," असं म्हणून पूर्वेकडे मान वळवली. त्या मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस झाले आणि दोन्ही पूर्वेकडून आले. आम्ही त्यांना म्हटलं, बघा, पाऊस तर तिकडून येतो. ते पुढे काही बोलले नाहीत.

वळीव आणि मोसमी पाऊस यांत हा फरक आहे आणि तो बांधणाऱ्याने लक्षात ठेवलाच पाहिजे. वळीव तास-दोन तासांचा असतो, येईल त्या दिशेने येतो आणि जातो. मोसमी पाऊस नैऋत्य आणि पश्चिम वाऱ्याबरोबर येतो आणि आठवडे थांबतो. घाटमाथ्याजवळ तो सरळ खाली पडत नाही, आडवा येतो. ऑगस्टच्या त्या आठवड्यात पाणी छपरातून गळलं नाही. ते दारातून, खिडकीच्या चौकटीच्या फटीतून आणि शेवटी भिंतीतून आत आलं. दाराच्या फळ्या फुगून दार चौकटीत घट्ट बसलं. दोन दिवस आम्ही मागच्या खिडकीतून ये-जा केली. आतल्या पश्चिम भिंतीवर हात ठेवला की तळवा ओला व्हायचा.

नंतर गावातली आणि आजऱ्याकडची जुनी घरं मी मुद्दाम पाहत फिरलो. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी बहुतेक नाहीच, असली तर हातभर. त्या बाजूचं पाखं इतकं खाली उतरवलेलं की माणसाला वाकावं लागतं. मृगाच्या आधी गवताच्या किंवा उसाच्या पाल्याच्या झड्या बांधून ती अख्खी भिंत झाकून टाकतात आणि दसऱ्याच्या सुमारास सोडतात. लहानपणी आजोळी या झड्या बांधायला मी मदत केलेली आहे. पाला हातात दिला आहे, सुंभ ओढून धरलं आहे. तरीही स्वतःचं घर बांधताना ते आठवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता दर वर्षी मे अखेरीस आम्ही पश्चिमेला झड बांधतो. मोठी खिडकी चार महिने तिच्यामागे बंद असते. डोंगर बघायला खोलीच्या बाहेर, वावरात खुर्ची टाकून बसलं तरी चालतं, हे साधं उत्तर आम्हाला आधी सुचलं नव्हतं. दुसऱ्यांदा बांधलं तर दार पूर्वेला, मोठी खिडकी उत्तरेला आणि पश्चिमेला फक्त एक झरोका.

छप्पर: कौल की पत्रा

हा निर्णय शेवटी घ्यायचा असं आम्हाला वाटत होतं. तो सर्वांत आधी घ्यावा लागतो, कारण भिंत, वासे आणि उतार सगळं त्याच्यावर ठरतं.

मंगलोरी कौलांचा हिशेब असा. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात आणि एक कौल दोन-सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. म्हणजे चौरस मीटरला तीस-पस्तीस किलो, भिजल्यावर आणखी. पत्र्याचं वजन त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं. कौलाला उतार चांगला हवा, निदान तीस अंशांच्या जवळ, नाहीतर आडव्या पावसाचं पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं चढतं. पत्र्याला दहा अंशही पुरतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे या कौलाने सगळा पश्चिम किनारा आणि घाटमाथा व्यापला. त्याला कारण आहे: ते सुटं बदलता येतं, त्याच्या फटींतून चुलीचा धूर आणि गरम हवा निघून जाते, आणि पाऊस त्याच्यावर बोलतो, ओरडत नाही.

आम्ही पैसे वाचवायला रंगीत पत्रा घातला, कमी उताराचा, हलक्या लोखंडी पाइपांवर. त्याचे परिणाम ऋतूनुसार भोगले. जुलैत आत दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आईला फोनवर मी पावसात उभा आहे असं वाटायचं. एप्रिलमध्ये दुपारी बारा ते चार आत बसता येत नाही. आणि जे कुणीच सांगितलं नव्हतं ते जानेवारीत: पहाटे पत्रा बाहेरून गार पडतो, आतल्या दमट हवेचं पाणी होऊन थेंब थेंब अंथरुणावर पडतं. चुलीचा धूर बाहेर जायला वाट नाही म्हणून चूल शेवटी पडवीत काढावी लागली.

कौल चढवायचं ठरवलं तेव्हा सुताराने पाइपांकडे नुसतं पाहिलं आणि नाही म्हटलं. तो सांगाडा एवढं वजन पेलणार नव्हता. मग बुरुडाकडून चिव्याच्या तट्ट्या विणून घेतल्या आणि पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बसवल्या, दोन्ही टोकांना वारा खेळायला फट ठेवून. आवाज निम्मा झाला, उन्हाळाही सुसह्य झाला, थेंब तट्टीवर पडून तिथेच सुकतात. ज्यांच्या डोक्यावर आधीच पत्रा आहे त्यांनी हे जरूर करावं. जे नव्याने बांधत आहेत त्यांनी सांगाडा कौलाच्या वजनाचा करून ठेवावा, भले आज पत्राच घाला. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, आणि त्यांची रबरी वायसरं उन्हाने चिरतात म्हणून तीन-चार वर्षांनी तपासायची.

जांभा, लाकूड, बांबू

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत आणि त्याबद्दल खेद नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागेल तसा कठीण होत जातो. म्हणून चिरा आणून लगेच बांधू नये, एक उन्हाळा उघड्यावर ठेवावा. आम्ही आठवड्यात बांधला. शिवाय तो सच्छिद्र असतो, पाणी ओढतो. जोत्यापर्यंत काळा दगड आणि वर जांभा, मध्ये ओल अडवणारा थर, ही जुनी रीत बरोबर आहे. पश्चिमेची भिंत उघडी ठेवायची हौस असेल तर तिला खोल वळचण हवी. आम्ही शेवटी त्या एका भिंतीला गिलावा केला.

लाकडात आमची फसगत झाली ती स्वस्ताईने. माळ्याच्या फळ्या आणि पडवीचे खांब मऊ, कच्च्या लाकडाचे घेतले. दुसऱ्याच वर्षी खांबाच्या बुडाशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या. नखाने उकरलं तर आत पांढरी वाळवी आणि लाकूड पोकळ, बोटाने दाबलं की खचणारं. जुन्या घरांत ऐन, किंजळ, फणस आढळतो, आणि लाकडी खांब कधीच जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीपासून वीतभर उंच. नवे खांब आम्ही तसेच बसवले आणि त्यांना काजूच्या टरफलाचं तेल दोनदा चोपडलं. आजरा-चंदगडकडे काजूचे कारखाने आहेत, तिथे ते मिळतं. हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका, कातडी भाजून निघते. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे.

बांबू तीन वर्षांच्या पुढचा, दिवाळीनंतर तोडलेला घ्यावा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत रस असतो आणि भुंग्याला तोच हवा असतो. माळ्यावरचा आमचा बांबू घाईने जूनमध्ये तोडलेला होता. रात्री शांत झालं की तो कुरकुर वाजतो आणि सकाळी खाली पिवळी भुकटी पडलेली असते.

पडवी: जी मोठी हवी होती

खोली सोळा बाय दहा पुरते. पडवी चार फुटांची आहे, ती पुरत नाही. पावसाळ्यात शेतघर म्हणजे मुख्यतः पडवीच असते. ओलं इरलं, चिखलाचे बूट, जळण, फवारणीचा पंप, बियाण्याची पोती, वाळत घातलेले कपडे, पावसात आडोशाला आलेली शेजाऱ्याची शेरडं आणि शेजारीही. चार फुटांतल्या तीन फुटांपर्यंत झड येते. कोरडा उरतो तो भिंतीलगतचा एक फूट, तिथे सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं.

खोलीतले दोन फूट पडवीला दिले असते आणि वर आणखी दोन फूट वाढवले असते तर आठ फूट झाली असती. खर्चात फार फरक पडला नसता, कारण पडवीला भिंत नसते. जो कुणी मला विचारतो त्याला मी हेच आधी सांगतो.

पाणी, संडास, वीज

शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. जांभ्याच्या जमिनीत पाणी भराभर झिरपतं, तिथे आणखी लांब. दोन खड्ड्यांचा संडास घ्यावा, एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याचं खत होऊ द्यायचं. शेतीपंपाच्या जोडणीवरून घराला तार ओढण्याचा मोह टाळावा. ती जोडणी पंपासाठीच असते आणि घराची वेगळी घ्यावी लागते. आम्ही सध्या छोट्या सौर पॅनेलवर दोन दिवे चालवतो, पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसलं की एकच.

कागद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीच्या सोयीसाठी इमारत बांधता येते. अवजारं, खत, वैरण, पीक ठेवणं, जनावरं बांधणं आणि शेतकऱ्याच्या घरच्यांनी किंवा गड्यांनी राहणं हे सगळं शेतघरात येतं. तेच घर पर्यटकांना भाड्याने दिलं की वापर अकृषिक होतो आणि परवानगीची गोष्ट वेगळी. काही भागांत जोत्याच्या क्षेत्रफळावर मर्यादा आहेत, म्हणून खणायच्या आधी सातबारा घेऊन तलाठी आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे विचारून यावं. वाटण्या झालेल्या नसतील तर भावकीची लेखी संमतीही घ्यावी. आम्ही कागद नीट केले. या एका बाबतीत सांगण्यासारखं दुःख नाही.

खर्चाची वही

अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोने १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी पंधरा बाय दहा फुटांची खोपी बांधली, आमच्या खोलीहून एका फुटाने लहान. त्याच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद दुर्गा भागवतांनी केला आहे. त्यात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो खर्चाचा तक्ता: फळ्या, जुन्या खिडक्या, हजार जुन्या विटा, चुना, खिळे, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. जमीन मित्राची, एमर्सनची होती आणि बांधकामाची मेहनत बहुतेक त्याची स्वतःचीच, त्यामुळे त्या दोन्ही गोष्टी हिशेबात नाहीत. त्याने जुन्या वस्तू वापरल्या हे मात्र शिकण्यासारखं. गावात जुनी घरं पडत आहेत, त्यांचे सागवानी दरवाजे आणि वासे जळणाच्या भावाने जातात. आमचं दार नवं होतं आणि पहिल्याच पावसात फुगलं.

आमच्या वहीत बांधकामाचा आकडा अंदाजाच्या दीडपट झाला. वाढीतला मोठा हिस्सा वाहतुकीचा. ट्रक पाणंदीच्या तोंडाशी थांबतो, पुढे वाळू आणि चिरा ट्रॅक्टरने, मृगानंतर तर डोक्यावरून. शेवटची चाळीस पोती सिमेंट आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात आणली, त्यातली सहा पडवीत दगड झाली. सगळं जड सामान अक्षय्यतृतीयेच्या आत पोहोचलेलं असावं असं अंदाजपत्रकातच लिहावं.

आता गोठा

पुढच्या वर्षी एका म्हशीपुरता गोठा बांधायचा आहे. गेल्या आषाढात दादाने आणि मी वावरात पाच ठिकाणी खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीवर विळ्याने जमिनीपासून वीतभर उंचीवर खूण केली. पुष्य नक्षत्र संपेपर्यंत दोन खुंट्यांची खूण पाण्याखाली गेली होती. एक तिरकी झाली, कारण तिच्याखालची माती फुगली. वरच्या बांधाजवळच्या दोन अजून सरळ आहेत. त्यांतल्या पूर्वेकडच्या खुंटीपाशी पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी पाय रुतत नाही. यंदाच्या आश्लेषातही तिथली जमीन अशीच राहिली, तर माघात तिथे खणू.